दहावीच्या मुलांचा समांतर रेषांचा प्रश्न

ए-३०१: सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या हॉलमधील रविवारच्या गणिताच्या शिकवणीबद्दल आज स्पष्ट लिहिणे भाग आहे. ‘सहगुणक जुळले की रेषा समांतर’ (सहगुणक म्हणजे क्ष आणि य यांना गुणणाऱ्या संख्या) एवढेच लक्षात ठेवून माझ्या मुलीने सराव परीक्षेत ३क्ष − २य = ५ आणि २य = ३क्ष + ८ या जोडीसमोर ‘छेदणाऱ्या रेषा’ असे लिहिले आणि दोन गुण गमावले. गुण गेले ते गेले, पण कारण विचारल्यावर तिला काहीच सांगता आले नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

बी-१०२ (सर): वहिनी, आपली काळजी रास्त आहे, मात्र तेवढेच शिकवले गेले, हे मला मान्य नाही. समीकरणे आधी एकाच रूपात आणावीत, म्हणजे क्ष आणि य यांची पदे त्याच क्रमाने डावीकडे व स्थिर पद, म्हणजे नुसती संख्या, उजवीकडे, हे मी पहिल्याच तासाला सांगितले होते. दुसरे समीकरण तसे मांडले की ३क्ष − २य = −८ होते. डाव्या बाजू तंतोतंत सारख्या असताना एकाच बिंदूसाठी त्यांची किंमत ५ आणि −८ अशी दोन्ही कशी येईल? सामाईक बिंदू नाही, म्हणून रेषा समांतर.

बी-२०३: एवढा खटाटोप कशाला? आलेखकागदावर दोन्ही रेषा काढाव्यात, लगेच दिसते.

सी-४०४: सर, माझ्या मुलाने २क्ष + ३य = ७ आणि ४क्ष + ६य = १४ यांना समांतर म्हटले, तेही चूक ठरले. मग मुलांनी समजायचे तरी काय?

बी-१०२ (सर): पहिल्या समीकरणाला २ ने गुणले की दुसरे मिळते. ती एकच रेषा आहे आणि उकली, म्हणजे दोन्ही समीकरणांत बसणाऱ्या क्ष-य च्या जोड्या, अनंत आहेत. १४ च्या जागी १५ असते, तर रेषा समांतर झाल्या असत्या आणि एकही उकल नसती. म्हणून सहगुणकांची गुणोत्तरे समान आणि स्थिर पदांचे गुणोत्तर त्याहून वेगळे, या दोन्ही अटी तपासाव्याच लागतात. मूल खानापूरच्या मराठी शाळेतले असो की इथल्या कन्नड माध्यमातले, अट तीच.

ए-१०४: समांतर रेषांचा विषय निघालाच आहे, तर पार्किंगमधील नवे पट्टे कोणी मोजले आहेत का? माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंचे पट्टे भिंतीकडे जवळ येत जातात.

सेक्रेटरी: काका, आपली तक्रार नोंदवली आहे, ती सभेत घेऊ. येथे कृपया मुलांचा प्रश्न सुटू द्यावा.

ए-१०४: तीन सभांपासून हेच ऐकतो आहे.

बी-२०३: पुन्हा लिहितो, आलेखकागद घ्यावा आणि रेषा काढून पाहाव्यात.

सी-४०१: बी-२०३ चे काका, आदरपूर्वक सांगते, क्ष − य = १ आणि १००क्ष − ९९य = ० या रेषा काढून पाहा. कागदावर त्या समांतर वाटतील, पण (−९९, −१००) या बिंदूत त्या छेदतात आणि तो बिंदू आपल्या कागदावर मावणारच नाही. आलेखाने अंदाज येतो, खात्री समीकरणच देते. वहिनींच्या जोडीतील दोन रेषांमधले लंब अंतर तर नेमके √१३ निघते. ते पट्टीने कसे मोजणार?

बी-२०३: आमच्या वेळी आलेखावरच गुण मिळत.

ए-३०१: मुलगी विचारते आहे की क्ष = ४ आणि क्ष = −१ यांत य चा सहगुणक शून्य आहे, तर ०/० हे गुणोत्तर कसे लिहायचे?

बी-१०२ (सर): फार चांगले विचारले. तिथे भागाकार करूच नये, तिरकस गुणाकार करावा, म्हणजे एका समीकरणातील क्ष चा सहगुणक गुणिले दुसऱ्यातील य चा: १ × ० आणि १ × ०, दोन्ही समान. शिवाय एकाच बिंदूचा क्ष ४ आणि −१ असा दोन्ही असू शकत नाही, म्हणून या दोन उभ्या रेषा समांतरच. रविवारी येताना सर्व मुलांनी एक उदाहरण सोडवून आणावे: २क्ष + ३य = ७ आणि क × क्ष + ६य = ९ या रेषा समांतर होण्यासाठी ‘क’ ची किंमत काढा, आणि त्या किमतीला रेषा एकच का होत नाही, ते दोन ओळींत लिहा. नुसते उत्तर तपासणार नाही.