क़ल्ब : मराठीत हृदय, मन की अंतःकरण?

सूफी साधनेवरची एक उर्दू पुस्तिका मराठीत आणते आहे. पानोपानी 'क़ल्ब' येतो. 'दिल' असता तर अडले नसते. दिलदार, दिलासा, दिलगीर हे आपलेच शब्द. पण 'क़ल्ब साफ करणे', 'क़ल्ब जारी होणे' याला काय लिहू? हृदय लिहिलं की कार्डिओग्राम आठवतो, मन लिहिलं की काहीतरी निसटतं. अंतःकरण चालेल का?

*

आधी नुक्ता, म्हणजे 'क़'खालचं टिंब, सांभाळा. 'क़ल्ब' म्हणजे हृदय, आणि नुक्ता गळला की 'कल्ब', ज्याचा अरबीत अर्थ कुत्रा. प्रूफं तपासताना हे डोळ्यांत तेल घालून बघा.

आता शब्दाचा मूळ धातू. क़-ल-ब म्हणजे उलटणं, पालटणं. 'इन्किलाब' याच धातूतला. प्रेषितांची एक प्रार्थना हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या संग्रहात, आहे: 'हे हृदयं पालटवणाऱ्या, माझं हृदय तुझ्या धर्मावर स्थिर ठेव.' तिथे देवाला 'मुक़ल्लिब-अल-क़ुलूब' म्हटलंय. क़ल्ब हा पालटणाराच, एका बाजूला नफ़्स, म्हणजे देहाच्या ओढी नि मीपण, दुसऱ्या बाजूला रूह, म्हणजे आत्मा, आणि मध्ये हा, कधी इकडे झुकणारा, कधी तिकडे.

सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी (1165–1240) या पालटण्याला दोष मानत नाहीत, आणि मला ही जागा फार आवडते. 'अक़्ल' ज्या धातूतून आला त्यातूनच उंटाचा पाय बांधायच्या दोरीचा 'इक़ाल' आला. म्हणजे आपली अक्कल ही बांधणारी. ती देवाला एका व्याख्येत बांधू पाहते. देव मात्र क्षणोक्षणी नव्या रूपात प्रकटतो, आणि त्या प्रत्येक रूपाबरोबर पालटू शकतं ते फक्त हृदय.

तेव्हा हृदय भावनेचं आणि डोकं विचाराचं, ही आपली आजची वाटणी इथे लावू नका. कुराणात (7:179) 'हृदयं आहेत पण त्या हृदयांनी समजून घेत नाहीत' अशा लोकांचा उल्लेख आहे. समजण्याचं काम हृदयाचं! धर्मपंडित गज़ालींनी (मृत्यू 1111) आपल्या 'इह्या' ग्रंथात क़ल्बाचे दोन अर्थ वेगळे केलेत. एक छातीत डावीकडे असलेला, सनोबराच्या (पाइनच्या) फळाच्या आकाराचा मांसाचा गोळा. तो जनावरांनाही असतो. दुसरा 'लतीफ़ा', म्हणजे डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म तत्त्व. जाणणारा तो हा. साधना त्याची.

*

'साफ करणे'बद्दल. लहानपणी आमच्या गल्लीत शिकलगार यायचा. चाकावर विळी धरली की ठिणग्या उडायच्या, आणि काळपट पातं बघता बघता चकाकायचं. शिकलगार हा मूळचा 'सैक़लगर', सैक़ल म्हणजे चकाकी आणणं. सूफी ग्रंथांत हमखास येणारं वचन आहे: प्रत्येक वस्तूला चकाकी आणणारं काही असतं, हृदयांना चकाकी आणतं ते देवाचं स्मरण. तिथला अरबी शब्द याच धातूतला, 'सिक़ाला'. पूर्वी आरसे धातूचे असत, गंजत, घासावे लागत. हे ध्यानात घेतलं की 'क़ल्ब साफ करणे' म्हणजे धुणं नव्हे, घासून लख्ख करणं, हे कळतं.

गज़ालींची गोष्टही हीच. दोन चमू समोरासमोरच्या भिंती सजवतात, मध्ये पडदा. एक चमू रंग भरतो, दुसरा नुसता घासत राहतो. पडदा सरतो तेव्हा घासलेल्या भिंतीत समोरचं सगळं चित्र उतरलेलं, जास्तच झळाळतं. गज़ालींकडे घासणारे चिनी, फारसी कवी रूमींच्या 'मसनवी' या काव्यात घासणारे रूमचे, म्हणजे ग्रीक, लोक. दोघांनी देश बदलले, भिंत तीच ठेवली.

शब्द म्हणून मी 'अंतःकरण' घेईन.

*

अंतःकरणाला माझा विरोध आहे. आपल्याकडे अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त, अहंकार असे चारही. यातला अहंकार तर नफ़्सच्या घरचा! ज्याच्यापासून क़ल्ब सोडवायचा तोच शब्दात येऊन बसतो. 'मन'ही तसंच, ओढाळ मन नफ़्सकडे जास्त झुकतं. हृदयच लिहा. छांदोग्यात 'हृदि अयम्', हा आत्मा हृदयात आहे म्हणून 'हृदय', अशी फोड दिली आहे. इतकी जुनी जागा आपण डॉक्टरांना का सोडायची?

'जारी होणे' साधनेतून समजतं. नक्शबंदी या सूफी परंपरेत जिक्र, म्हणजे देवाचं स्मरण, मूक असतो. (संभाजीनगरच्या पाणचक्कीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर याच परंपरेतले.) डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायची, आणि डाव्या स्तनाखाली दोन बोटं जी जागा, तिथे लक्ष ठेवून 'अल्लाह' हा शब्द आतल्या आत चालवायचा. ओठ हलत नाहीत. सुरुवातीला माणूस तो चालवतो. पुढे बोलता-चालता, बाजारहाट करतानाही तो आपसूक चालू राहतो, तेव्हा म्हणतात क़ल्ब जारी झाला. आपल्या अजपाजपाच्या जवळ जाणारं आहे हे.

*

मग पहिल्या पानावर 'क़ल्ब' नुक्त्यासह आणि पुढे सगळीकडे 'हृदय' ठेवते. 'क़ल्ब साफ करणे' – हृदयाचा आरसा घासणे. 'क़ल्ब जारी होणे' – हृदयात स्मरण आपसूक चालू होणे. शिकलगाराची तळटीप घालतेच, उर्दू न येणाऱ्या माझ्या आईलाही ती कळेल.