अनुभव धागा: नायजेरियात भेटलेल्या, शिकू पाहणाऱ्या मुली

वाचनखूण:
अबी दारे यांची ‘द गर्ल विथ द लाउडिंग व्हॉइस’ (2020) ही कादंबरी काल वाचून संपवली आणि लागोसमध्ये आमच्या शेजारी काम करणारी मुलगी आठवली. कादंबरीतील आदुन्नी अवघी चौदा वर्षांची आहे. तिचे लग्न लावणार नाही, असे मरणाऱ्या आईला दिलेले वचन मोडून बाप पैशांसाठी तिला एका म्हाताऱ्या टॅक्सीचालकाची तिसरी बायको करतो. तेथून पळालेली आदुन्नी लागोसला ‘बिग मॅडम’च्या घरी राबते आणि तिचा पगार तिला तेथे आणणारा माणूस परस्पर घेतो. आमच्या शेजारीही हेच घडत असे. महिन्याअखेरीस एक ‘अंकल’ येऊन पैसे नेत असे आणि ती मुलगी मात्र दुपारी मागच्या पायरीवर मालकांच्या मुलांची जुनी क्रमिक पुस्तके उघडून बसलेली दिसे. जे नायजेरियात राहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

गणितशिक्षक:
1976 मध्ये तेथे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली, आणि त्या काळात भारतातून बरेच शिक्षक तिकडे गेले. मीही त्यांपैकीच एक. कानोकडच्या मुलींच्या शाळेत सुट्टीनंतर काही बाके रिकामी असत. विचारले की उत्तर येई, “सर, तिचे लग्न झाले.” त्यांपैकी एक मात्र परीक्षेला परतली. तिची आई बाळाला पाठीशी बांधून फाटकाबाहेर उभी राहिली आणि मुलीने पेपर पूर्ण लिहिला.

सुमेधा_पुणे:
सर, ती उत्तीर्ण झाली का?

गणितशिक्षक:
झाली, आणि पुढे शिक्षिका होण्यासाठी प्रशिक्षण महाविद्यालयातही गेली.

परिचारिका:
खदिजाच्या मृत्यूच्या प्रकरणानंतर मला पुस्तक काही काळ बाजूला ठेवावे लागले. आदुन्नीची ही सवत गरोदर असताना दवाखान्याऐवजी नदीवरच्या विधीच्या आशेने जाते आणि तेथेच दगावते. इबादानला प्रसूतिकक्षात काम करताना मी इतक्या कोवळ्या वयाच्या माता पाहिल्या आहेत की त्या पानांतील एकही वाक्य मला अतिशयोक्त वाटले नाही. बाळंतपणानंतर एकीने मला विचारले होते, “आता मला शाळेत परत घेतील का?”

अबुजावासी:
2003 च्या बालहक्क कायद्याने तेथे लग्नाचे वय अठरा ठरवले आहे, परंतु प्रत्येक राज्याने तो स्वतंत्रपणे स्वीकारावा लागतो आणि काहींनी त्यासाठी फार वर्षे लावली. त्यातच एप्रिल 2014 मध्ये बोर्नो राज्यातील चिबोकच्या शाळेतून 276 मुलींना पळवून नेले. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी त्याच आठवड्यात बोर्नोतील वसतिगृहातून लेकीला बोलावून घेतले. मुलगी शाळेसाठी रडत होती आणि आईचेही चूक नव्हते.

सुमेधा_पुणे:
अबुजावासी, ती पुन्हा शाळेत गेली का?

अबुजावासी:
होय, पुढच्या वर्षी अबुजातच तिला प्रवेश मिळाला. वह्यापुस्तकांचा खर्च आमच्या इमारतीतील कुटुंबांनी वाटून घेतला.

वाचनखूण:
सर्वांचे मनापासून आभार. आदुन्नीची पुढची कथा ‘अँड सो आय रोर’ 2024 मध्ये आली आहे. ती कोणी वाचली असल्यास येथेच लिहावे.