संमेलन संपले आणि गट थंडावला: संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांना वर्षभर जोडून कसे ठेवावे?

प्रश्न: इंदूरची_संयोजिका

गेल्या डिसेंबरात आम्ही काही जणींनी इंदूरमध्ये संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी एक दिवसाचे संमेलन भरवले. सव्वाशेच्या आसपास उपस्थिती होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या होत्या, आणि मुले झाल्यावर नोकरी सोडून आता पुन्हा कोडिंगकडे वळू पाहणाऱ्याही बऱ्याच होत्या. समारोपाच्या वेळी सर्वांना एका व्हॉट्सॲप गटात घेतले. आठवडाभर छायाचित्रे आणि आभार यांची रेलचेल झाली, मग संक्रांतीच्या शुभेच्छा आल्या, आणि आता तिथे केवळ शिकवणी वर्गांच्या जाहिराती येतात. फेब्रुवारीत एका विद्यार्थिनीने विचारले होते, की टेस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याची, नोकरी स्वीकारली तर पुढे डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे ते लिहिण्याच्या कामात, जाता येते का. दोन दिवस कोणीही उत्तर दिले नाही, मीही दिले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती गट सोडून गेली. पुढचे संमेलन भरवण्यापूर्वी हा गट पुन्हा जिवंत करावा अशी इच्छा आहे. टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड अशा गटसंवादाच्या दुसऱ्या ॲपवर जावे का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुनी_प्रोग्रामर

ताई, साधन बदलण्यापूर्वी क्रमाचा विचार करावा, असे मी सुचवते. १९८७ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम्सवरच्या एका परिषदेला गेलेल्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ अनिता बोर्ग यांना तिथे स्त्रिया इतक्या थोड्या दिसल्या, की भेटल्या तेवढ्या सगळ्या एकत्र जेवायला बसल्या. हा संपर्क तुटू नये म्हणून त्यांनी ‘सिस्टर्स’ ही ईमेल-यादी सुरू केली. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सिस्टिम’ आणि ‘सिस्टर’ हे दोन्ही शब्द मिसळलेले आहेत. संगणकशास्त्रातल्या अग्रणी ग्रेस हॉपर यांच्या नावाचे, संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांचे संमेलन बोर्ग आणि त्यांच्या सहकारी टेली व्हिटनी यांनी भरवले ते १९९४ मध्ये, वॉशिंग्टनला, आणि त्याला सुमारे ५०० जणी आल्या. म्हणजे यादी आधी आणि संमेलन सात वर्षांनी. दरम्यान त्या यादीवर भांडणेही झाली असतील आणि कामेही झाली. १९९२ मध्ये ‘गणिताचा तास अवघड असतो’ असे बोलणारी बार्बी बाजारात आली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या निषेधाची सुरुवात याच यादीवर झाली आणि पुढे ते वाक्य बाहुलीतून काढून टाकण्यात आले. वस्ती आधी झाली, जत्रा नंतर भरली. आपण जत्रा भरवली आणि उठलेल्या दुकानांच्या जागी वस्ती होईल अशी अपेक्षा धरली.

म्हणून पुढच्या वेळी संमेलनाच्या निदान दोन महिने आधी गट उघडावा आणि नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारावे, की सध्या तुमचे काम कशापाशी अडले आहे. येणाऱ्या उत्तरांतूनच संमेलनाची सत्रे ठरवावीत. ज्या सत्राचा विषय आपल्या प्रश्नातून निघाला, त्याबद्दल बाई नंतरही बोलत राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्येक सत्राला एका विद्यार्थिनीने टिपणे काढून त्याच रात्री ती गटात टाकावीत, म्हणजे घरच्या अडचणीमुळे येऊ न शकलेलीलाही बोलण्याचा धागा मिळतो. टिपणे मराठीत असोत वा हिंदीत, आपल्या इंदुरी मराठीत दोन्ही बेमालूम मिसळलेलीच असतात.

उत्तर: रामबाग_निवासी

मी संगणकातली नाही, तरी एक सांगते. आमची भिशी गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि ती आमच्या आपसांतल्या प्रेमावर चालते असे कोणी समजू नये, कारण बाराजणींत प्रेम किती हे आमचे आम्हाला ठाऊक! ती चालते, कारण प्रत्येकीचे पैसे तिच्यात अडकलेले असतात आणि प्रत्येकीची पाळी येते. ज्या महिन्यात माझी पाळी असते त्या महिन्यात मी आजारी असले तरी खुर्च्या मांडते. आपल्या सव्वाशे जणींपैकी पाळी कोणाची होती? फेब्रुवारीतल्या त्या मुलीला उत्तर देणे सर्वांचे काम होते, म्हणजेच कोणाचेच नव्हते. दर आठवड्याला दोघींवर पाळी टाकावी. त्या आठवड्यात आलेला एकही प्रश्न अनुत्तरित राहू द्यायचा नाही. ‘मला ठाऊक नाही, पण ठाऊक असलेल्या ताईंना विचारून सांगते’ हेही उत्तरच धरावे. हळदीकुंकवाचा दाखला मी मुद्दामच दिला नाही, कारण तिथे कोणाला बोलवायचे नाही हे आधी ठरलेले असते.

उत्तर: नाव_नको

वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु एक गोष्ट कोणीच विचारली नाही. व्हॉट्सॲप गटात आपला दूरध्वनी क्रमांक सर्व सभासदांना दिसतो. अशाच एका दुसऱ्या गटात मी प्रश्न विचारला होता, आणि त्या रात्री अनोळखी क्रमांकावरून ‘मदत करतो’ असे संदेश सुरू झाले. गट स्त्रियांचाच होता, पण त्यात कोण कोणाच्या फोनवरून वाचत होते हे कोणी पाहिले नव्हते. तेव्हापासून मी गटांत वाचते, लिहीत नाही. आपल्या गटातही अशा गप्प सभासद असतील, आणि त्यांना उत्साह नाही असा निष्कर्ष कृपया काढू नये.

डिस्कॉर्डवर क्रमांक कोणालाच दिसत नाही, टेलिग्रामवर तो लपवता येतो. स्लॅक या तशाच ॲपची फुकट आवृत्ती मात्र ९० दिवसांपूर्वीचे संदेश दाखवत नाही, तेव्हा जुनी उत्तरे हाती राहावीत असे वाटत असेल तर ती नको. गटातले बोलणे गटाबाहेर न्यायचे नाही, हा नियम प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकीकडून मान्य करून घ्यावा. नोकरीच्या जाहिराती ठेवायच्याच असतील तर त्यांना वेगळी खोली द्यावी, आणि जाहिरात देणाऱ्याने पगाराचा आकडा लिहिलाच पाहिजे, असे बंधन घालावे. जाहिराती आपोआप कमी होतील.

उत्तर: एक_प्राध्यापक

पुरुष असूनही लिहितो आहे, क्षमस्व. परीक्षेच्या महिन्यांत विद्यार्थिनींवर पाळी टाकू नये, एवढेच सुचवायचे होते.

प्रतिसाद: इंदूरची_संयोजिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळीची कल्पना आम्ही उचलली असून पहिल्या आठवड्याची पाळी माझी आणि माझ्या एका सहकारिणीची आहे. डिस्कॉर्ड सुरू केले, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या दोन प्राध्यापिकांना ते उघडता येईना, तेव्हा त्यांच्यासाठी येत्या रविवारी राजवाड्याजवळ एका मैत्रिणीच्या घरी सर्वजणी लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. त्या विद्यार्थिनीचा क्रमांक माझ्याकडे होता. काल फोन केला. तिने ती टेस्टिंगची नोकरी स्वीकारली आहे, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही नीट देता आले नाही. टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटमध्ये गेलेले कोणी हे वाचत असेल, तर कृपया इथेच लिहावे. मी तिला वाचायला सांगितले आहे.