मदत हवी आहे: विमानाचा हिरवा दिवा बॅटरीवर मंद पडतोय

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितोय. आमच्या मामांनी शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलंय (हसू नका, मी पण आधी हसलो होतो), परवानगीची कागदपत्रं ते बघतायत, माझ्या गळ्यात पंखावरचे दिवे पडलेत कारण मी टीव्ही रिपेअर करतो म्हणजे मला सगळंच येतं असा त्यांचा समज.

डाव्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. आधाराला अमेरिकेतला छोट्या विमानांसाठीचा जुना भाग २३ चा नियम धरलाय. समोरून १० अंशांपर्यंत ४० कँडेला (त्या दिशेनं जाणाऱ्या उजेडाच्या जोराचं माप), २० पर्यंत ३०, आणि तिथून ११० अंशांपर्यंत फक्त ५. शेपटीचा २० कँडेला, तो झाला, त्याचं काही नाही.

लाल आणि हिरव्याला प्रत्येकी ३ एलईडी सिरीजमध्ये, ३५० मिलीअँपिअर, पुढं एलएम३१७ (करंट एकसारखा ठेवणारी चिप) आणि ३.६ ओहमचा रेझिस्टर. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट मिळतात तेव्हा दोन्ही झकास. लक्समीटर २ मीटरवर धरला, अंधार करून, हिरव्याला १३ लक्स आले म्हणजे (अंतराचा वर्ग ४, त्यानं गुणून) ५२ कँडेला. पण नुसत्या बॅटरीवर १२.२ ला हिरवा ७ लक्सवर येतो, म्हणजे २८ च, आणि लाल मात्र जसाच्या तसा! म्हणून बाजारातलं स्वस्तातलं बक मॉड्यूल (भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावून बघितलं तर उजेड मस्त, पण शेजारच्या एफएम रेडिओवर नुसती खरखर. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ आणि तो पण एएम, म्हणजे खरखर जास्तच पकडणारा, तिथं तर वाटच लागायची. मार्ग काय गावंना, सांगा कुणीतरी.

प्रतिसाद १
भावा, हिरवा एलईडी एकेक ३.२ व्होल्ट घेतो, तीनचे झाले ९.६, वर रेझिस्टरचे १.२५ आणि ३१७ ला स्वतःला दोनेक पाहिजेत, १२.२ मध्ये बसणार कसं? लाल २.२ वर भागतो म्हणून तो तगतो. बक नको, ३१७ च ठेव. पण मला सांग, हिरवे तीन कशाला? तूच लिहिलंयस की बाजूला ५ कँडेलाच लागतात. दोनच लाव, एक लेन्स लावून समोर, दुसरा बिनलेन्सचा ६५ अंशांवर तिरका, झालं काम. फक्त ३१७ आता सव्वादोन वॅट गरम होईल, त्याला अ‍ॅल्युमिनियमवर बसव आणि मधे अभ्रक घाल, त्याचा टॅब (पाठीवरची धातूची पट्टी) आउटपुटला जोडलेला असतो, विसरलास तर बॉडीला शॉर्ट.

धागाकर्ता
आयला, हे डोक्यातच आलं नाही, मी लाल बघून हिरव्याला पण तीनच ठोकले. अभ्रक जुन्या अँप्लिफायरमधनं काढतो. आज रात्री शेडच्या फरशीवर खडूनं कोन आखून परत लक्स घेतो. अजून एक, हिरवा उजेड डावीकडं २० अंशांच्या पलीकडं १ कँडेलाच्या वर जायला नको, त्याला आडवी पट्टी पत्र्याची चालेल का काळा रंग देऊन?

प्रतिसाद १
चालेल, पण रंग चकचकीत नको, मॅट.