मालगाडीच्या वाघिणी वाहून नेणारी पहिली बोट कोणती?

चिकोडीकर :
मिरजेहून बेळगावला येताना कुडचीपाशी कृष्णेचा पूल लागला की, पूल बांधणे जमत नव्हते त्या काळात रेल्वे पाणी कशी ओलांडत असेल, हा प्रश्न मला हटकून पडतो. स्कॉटलंडमध्ये १८५० साली ‘लेव्हायथन’ नावाच्या बोटीवर मालगाडीच्या वाघिणी चढवून नेत असत आणि ती या प्रकारची जगातली पहिली बोट होती, असे वाचले. हे खरे आहे का? आणि भरलेल्या वाघिणी बोटीवर चढवीत तरी कशा?

अथणीकर :
‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवर १८३६ पासून वाफेची बोट रेल्वेचे डबे पलीकडे पोचवत होती. १८५२ च्या हिवाळ्यात तर ती नदी इतकी गोठली की बर्फावरच रूळ टाकून डबे ओढून नेले. ‘लेव्हायथन’ धावली ती फोर्थच्या खाडीत, ग्रँटन ते बर्नटायलंड, सुमारे आठ किलोमीटर. तिच्या डेकवर रुळांच्या तीन रांगा होत्या आणि एका खेपेत तीसहून अधिक वाघिणी जात.

खरी करामत मात्र बोटीत नव्हती, धक्क्यावर होती. भरती-ओहोटीने तिथले पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. म्हणून अभियंते थॉमस बाऊच यांनी दगडी उतारावर रूळ टाकून त्यांवर चाकांचा एक अवजड सांगाडा बसवला. पाणी जसे असेल तसा तो वर-खाली सरकवायचा, त्याच्या टोकाच्या बिजागरीच्या तुळया डेकवर टेकवायच्या आणि काठावरच्या वाफेच्या यंत्राने वाघिणी ओढायच्या.

कृष्णाकाठ :
हे वाचून आमच्या गावची नाव आठवली. बैल सोडून भरलेली गाडी दोन फळ्यांवरून नावेत चढवीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की फळ्यांचा उतार एवढा उभा होई की चाकामागे चार गडी लागत आणि नावाडी चाकाला लावायची दगडाची उटी हातात धरूनच उभा असे. बाऊच यांनी फळीच पाण्याबरोबर हलती केली, एवढे मला लगेच उमगले.

चिकोडीकर :
आभारी आहे. आणि प्रवासी?

अथणीकर :
त्यांना गाडीतून उतरून वेगळ्या बोटीने जावे लागे. पुणे-मिरज रेल्वेमार्ग रुंद (ब्रॉडगेज) झाल्यावर बेळगावची छोटी गाडी पकडण्यासाठी आपण मिरजेला ट्रंका घेऊन उतरत होतो, तसेच. फक्त मध्ये खाडी. ४ मार्च १८९० रोजी फोर्थचा पूल सुरू झाला आणि वाघिणींची ही बोटीवरची वाहतूक संपली. त्या खाडीवरच्या पुलाची योजना आधी बाऊच यांच्याकडेच होती. पण स्कॉटलंडमधल्याच टे नदीवरचा त्यांचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळला आणि ती बारगळली. टेवर नवा पूल १८८७ साली झाला. तोवर तिथल्या वाघिणी पुन्हा बोटीवर चढल्या.