मोफत स्थानिक बससेवेसाठी प्रवाशांचे नियम कसे लिहावेत?

मार्गिका (प्रश्न):

आमच्या भागात लहान बसगाड्यांची मोफत फेरीसेवा सुरू होत असून प्रवाशांसाठीचे नियम लिहिण्याचे काम नागरिक समितीच्या वतीने माझ्याकडे आले आहे. ही सेवा कोणालाही, कोणत्याही दोन थांब्यांदरम्यान वापरता येईल. गाडीत वाहक नसेल, केवळ चालक असेल.

समितीत दोन मते आहेत. काही सदस्यांना वाटते की भाडेच घ्यायचे नाही, तर नियमांचा पसारा कशाला मांडायचा? इतरांना वाटते की विनामूल्य गोष्टीचा गैरवापर होतोच, म्हणून सुरुवातीपासून कडक नियम हवेत आणि प्रत्येक प्रवाशाकडून ओळखपत्रही मागावे. मला दोन्ही मते पूर्णपणे पटत नाहीत. जिला या गाडीशिवाय दवाखान्यात पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही, अशा वृद्ध स्त्रीला नियमांच्या फलकाची भीती वाटू नये, आणि तिला बसायला जागा मिळेल इतकी शिस्तही गाडीत असावी, असे मला मनापासून वाटते.

म्हणून विचारते. प्रवास मोफत असताना तिकीट किंवा ओळखपत्र मागणे योग्य आहे का? शेवटच्या थांब्यावर सर्वांना उतरायला लावावे का? उभ्याने प्रवास, सामान, बाळगाडी आणि व्हीलचेअर यांविषयी काय लिहावे? ज्यांनी अशा सेवेत काम केले आहे किंवा अशा गाड्यांवर ज्यांचे रोजचे जाणे-येणे अवलंबून आहे, त्यांची मते मला विशेष मोलाची वाटतील.

वेळापत्रक:

तिकिटाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे निर्णय चुकला की पुढचे सगळे नियम वाकडे होतात. तिकिटामुळे पैसे जमा होतात, तसेच कोणत्या थांब्यावर किती माणसे चढली याची नोंदही होते. भाडे रद्द झाल्यावर पहिले काम संपते, दुसरे संपत नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसगाड्यांतून मोफत प्रवास मिळतो, तरीही वाहक त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो, कारण परिवहन महामंडळांना शासनाकडून मिळणारी भरपाई त्या नोंदीवर ठरते. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना मोफत प्रवास आहे आणि तिथेही वैयक्तिक कार्ड यंत्रावर टेकवण्याची पद्धत ठेवली गेली, कारण सवलत फक्त रहिवाशांपुरती होती. याउलट लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग परदेशी पाहुण्यांसह सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे तिथे दाखवण्यासारखे तिकीटच उरले नाही.

यावरून एक सरळ कसोटी मिळते. सवलत विशिष्ट गटासाठी असेल तर ओळख पटवावी लागते. सेवा सर्वांसाठी असेल तर ओळखपत्र मागण्याला आधार राहत नाही. आपली सेवा दुसऱ्या प्रकारची आहे. प्रवासी मोजण्यासाठी दारावर बसवलेले मोजणी-यंत्र पुरेसे आहे आणि ते नसेल तर काही ठरावीक दिवशी स्वयंसेवकांनी केलेली गणनाही चालेल. शिवाय वाहक नसलेल्या गाडीत प्रत्येकाचे ओळखपत्र तपासायचे म्हटले तर ते काम चालकावर येईल, प्रत्येक थांब्यावर गाडी रेंगाळेल, आणि भाडे नसल्यामुळे चढण्या-उतरण्याचा जो वेळ वाचतो तो तिथेच वाया जाईल.

शेवटच्या थांब्याचा नियम मात्र जरूर ठेवा. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९८९–९० मध्ये सर्वांसाठी मोफत बसचा प्रयोग झाला. प्रवासी भरघोस वाढले, पण कुठेही न जाता गाडीत बसून राहणाऱ्यांच्या आणि दंगा करणाऱ्यांच्या तक्रारीही वाढल्या आणि अखेर भाडे पुन्हा सुरू झाले. आपल्या मसुद्यात ‘विनाकारण प्रवास करू नये’ असे मात्र लिहू नये, कारण प्रवासाचे कारण योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार चालकाला देणे अन्यायाचे होईल. ‘अंतिम थांब्यावर सर्व प्रवाशांनी उतरावे, पुढील फेरीने जायचे असल्यास रांगेतून पुन्हा चढावे’ एवढे लिहिले की हेतू साध्य होतो आणि कोणाच्या चारित्र्यावर बोटही ठेवले जात नाही. ज्यांना चढ-उतार करणे कठीण आहे त्यांना यातून सूट असावी.

डावा आरसा:

मी बरीच वर्षे शहरी बस चालवली आहे, म्हणून सुरक्षिततेविषयी लिहितो. बसमध्ये होणाऱ्या दुखापतींचा मोठा वाटा अपघाताशिवायच घडतो. गाडी निघताना, वळताना किंवा अचानक ब्रेक लागताना उभा प्रवासी पडतो आणि त्यातही वयस्कर माणसाला अधिक मार बसतो. त्यामुळे ‘दांडा धरा’ हे वाक्य औपचारिकता म्हणून शेवटच्या ओळीत न टाकता फलकाच्या अगदी वर असावे, आणि त्याला जोडून ‘गाडी पूर्ण थांबेपर्यंत आसनावरून उठू नका, तुम्ही उतरेपर्यंत चालक थांबेल’ असे आश्वासनही द्यावे. प्रवासी आधीच उठून दाराशी येतो, कारण आपला थांबा निघून जाईल अशी भीती त्याला वाटत असते. ते आश्वासन चालकांनी पाळले तर नियम न सांगताही पाळला जातो.

दुसरी गोष्ट पुढच्या दाराची. चालकाच्या आसनामागे जमिनीवर जी रेषा आखलेली असते, तिच्या पुढे कोणी उभे राहू नये. अमेरिकेच्या संघीय नियमांत तर उभे प्रवासी त्या रेषेच्या मागे नसतील तर बस चालवूच नये असे म्हटले आहे. त्यामागचे कारण प्रवाशांना सांगायला हवे: रेषेपुढे उभ्या असलेल्या माणसामुळे बाजूचा आरसा आणि दाराजवळचा रस्ता झाकला जातो, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात सायकलस्वार किंवा रस्ता ओलांडणारे मूल असू शकते. हे एकदा समजले की ‘पुढे सरका, मागे सरका’ या रोजच्या हुज्जतीला वेगळा अर्थ येतो आणि बहुतेक माणसे न कुरकुरता मागे जातात.

उतरल्यावर बसच्या समोरून रस्ता ओलांडू नये, गाडी निघून जाईपर्यंत थांबावे, हेही लिहा. गाडी सुटल्यानंतर तिच्या मागे धावणे किंवा दारावर थाप मारणे यांनाही मनाई असावी. लहान मुले जवळ उभी असतील तर ही गोष्ट फारच धोक्याची ठरते.

सामानाबाबत मापांची लांबलचक यादी करण्याची गरज नाही. प्रवाशाला स्वतः उचलता येईल, मांडीवर किंवा पायाशी मावेल आणि वाट अडवणार नाही, इतके सामान चालेल. ज्वालाग्राही द्रव, उघडी धारदार अवजारे आणि गळणारी भांडी मात्र नकोत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा स्वतंत्र उल्लेख करावा, असे माझे मत आहे. लंडनच्या वाहतूक यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये बस आणि मेट्रोमध्ये खासगी ई-स्कूटर आणण्यास मनाई केली, कारण त्यांच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागल्याच्या घटना घडल्या होत्या. अशी आग झपाट्याने पसरते आणि तिचा विषारी धूर बंद गाडीत फार थोड्या वेळात भरतो. विजेवर चालणारी व्हीलचेअर मात्र या मनाईत चुकूनही अडकता कामा नये, म्हणून तो अपवाद त्याच वाक्यात लिहावा.

रॅम्प उघडा:

वरच्या शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. मी व्हीलचेअर वापरते आणि मोफत बस हे माझ्यासाठी घराबाहेर पडण्याचे मुख्य साधन आहे, म्हणून अग्रक्रमाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

व्हीलचेअरची जागा आणि राखीव आसन या दोन गोष्टी मसुद्यात एकत्र करू नका. राखीव आसन वृद्ध, गरोदर स्त्रिया, कडेवर मूल असलेले पालक आणि आजारी व्यक्ती यांच्यासाठी असते आणि गरजूला ते नाही मिळाले तर तिला दुसरे आसन देता येते. व्हीलचेअरची जागा गाडीत बहुधा एकच असते. ती भरलेली असेल तर मला त्या गाडीने जाताच येत नाही. तिथे बाळगाडी उभी असेल तर पालकाला बाळ कडेवर घेऊन बाळगाडी मिटवण्याचा पर्याय असतो, माझ्याकडे तसा पर्याय नाही.

याच वादावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निर्णय दिला. झोपलेल्या बाळाची गाडी हलवण्यास एका प्रवासी महिलेने नकार दिल्यामुळे व्हीलचेअरवरील एका गृहस्थांना बसमध्ये चढता आले नव्हते. नुसती विनंती करून चालकाने गप्प बसणे पुरेसे नाही, असे न्यायालयाने म्हटले. नकार अवाजवी वाटत असेल तर चालकाने अधिक ठामपणे सांगावे आणि गरज पडल्यास काही मिनिटे गाडी पुढे न नेण्याचाही विचार करावा, असा त्याचा आशय होता. त्याच वेळी कोणालाही बळाने गाडीबाहेर काढावे असे न्यायालयाने म्हटले नाही. मला हा तोल योग्य वाटतो. ‘शक्य असल्यास जागा द्यावी’ असे मोघम वाक्य लिहिले तर थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाच भांडावे लागते. ‘व्हीलचेअर आल्यास ही जागा रिकामी करणे आवश्यक आहे’ असे स्पष्ट लिहिले तर चालकाला बोलण्यासाठी आधार मिळतो आणि पालकालाही गाडीत चढतानाच कल्पना येते.

आणखी एक विनंती आहे. रॅम्प उघडून मी आत स्थिरावेपर्यंत इतरांनी दारात गर्दी करू नये, हेही नियमांत यावे. त्या दोन-तीन मिनिटांत मागून उसासे ऐकू येतात आणि पुष्कळ जण त्यामुळेच बाहेर पडणे टाळतात. हा वेळ वेळापत्रकातच धरला तर चालकावरही दडपण येणार नाही.

मार्गिका:

सर्वांची ऋणी आहे. ओळखपत्राची अट मी काढून टाकत आहे आणि व्हीलचेअरच्या जागेविषयी स्वतंत्र कलम करत आहे. एक अवघड प्रश्न मात्र शिल्लक आहे. एखादी व्यक्ती नियम मोडतच राहिली, शिवीगाळ केली किंवा नशेत इतरांना त्रास दिला, तर चालकाने तिला उतरवावे का? आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांचे काय?

कलम-उपकलम:

मी सार्वजनिक सेवांच्या नियमावल्या तपासण्याचे काम केले आहे, त्यावरून सुचवतो. चालकाचे काम गाडी सुरक्षितपणे चालवण्याचे आहे. दोषी कोण आणि शिक्षा किती, हे त्याने रस्त्यात ठरवू नये. त्याने एकदा शांतपणे सांगावे, मग नियंत्रण कक्षाला कळवावे, आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून पोलिसांना बोलवावे. उतरवायचेच झाले तर ते फक्त थांब्यावर; निर्मनुष्य जागी किंवा थांब्यांच्या मधे कधीच नाही. अल्पवयीन मुलाला, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या व्यक्तीला, जबाबदार माणूस येईपर्यंत उतरवू नये, मग तिने नियम मोडलेला असो वा नसो. मुलांसाठी एकट्याने प्रवास करण्याचे किमान वय ठरवून ते फलकावर स्पष्ट लिहावे, पण त्याहून लहान मूल एकटे थांब्यावर आले तर त्याला न घेता गाडी पुढे नेणे हे वयाच्या नियमाचे पालन होत नाही, हेही चालकांच्या प्रशिक्षणात सांगावे.

प्रवासबंदीबाबत मी फार काटेकोर आहे. ज्याच्याकडे दुसरे वाहन नाही त्याला मोफत बस बंद केली तर त्याचे काम, उपचार आणि शिक्षण बंद होते, म्हणून हा अधिकार चालकाकडे नव्हे तर कार्यालयाकडे असावा. मसुद्यात वापरता येईल असे वाक्य देतो:

‘गंभीर किंवा वारंवार नियमभंग झाल्यास सेवा चालवणारे कार्यालय संबंधित व्यक्तीस लेखी कारण देऊन, तिचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर, ठरावीक मुदतीपुरता प्रवास नाकारू शकेल, मुदत संपताच प्रवासाचा हक्क अर्जाशिवाय पूर्ववत होईल, आणि या निर्णयाविरुद्ध समितीकडे दाद मागता येईल.’

फलकावर हे सगळे छापू नये. तिथे ठळक अक्षरांत रोजच्या उपयोगाचे मोजके नियम, प्रत्येकाखाली एका ओळीत कारण आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक असावा. पूर्ण नियमावली गाडीत एका जागी टांगून ठेवावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महत्त्वाचे नियम ध्वनिमुद्रित घोषणेतूनही ऐकवावेत.