किशोरवयीन मुले आणि समाजमाध्यमे : परस्परविरोधी संशोधनातून नेमके काय घ्यावे?

पारिजात

नमस्कार. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीसाठी मला या विषयावर एक टिपण लिहायचे आहे. बहुतेक पालकांना त्यात एकच आकडा हवा आहे : मुलांना दिवसाकाठी किती तास मोबाइल द्यावा? त्या आकड्याच्या शोधात वाचू लागले, तर दोन टोकांची विधाने समोर आली.

अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याविषयी जनतेला सल्ला देणारे सरकारचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी) विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटले आहे की, दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंता यांची लक्षणे दिसण्याचा, एकूणच मानसिक स्वास्थ्य बिघडण्याचा धोका दुप्पट असतो. याउलट एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की या संशोधकांनी अमेरिका व ब्रिटनमधील ३,५५,३५८ किशोरांची माहिती तपासून २०१९ मध्ये असा निष्कर्ष काढला की, मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो. बटाटे खाण्याचा संबंधही साधारण तेवढाच निघाला, आणि चष्मा लावण्याचा तर त्याहून अधिक!

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील? आणि पालकांना आकडा द्यावा की देऊ नये?

धूमकेतू

दोन्ही खरी असू शकतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ०.४ टक्के हा आकडा संपूर्ण समूहाविषयी बोलतो. एखाद्या विशिष्ट मुलीला किंवा मुलाला किती इजा झाली, हे तो सांगत नाही. लाखोंची सरासरी काढली की ज्याला लाभ झाला तो, ज्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही तो आणि जिची झोप उडाली ती, असे सगळे एकाच बेरजेत विरून जातात. शिवाय त्या अभ्यासात दूरचित्रवाणी, संगणकावरील खेळ आणि समाजमाध्यमे यांचा मिळून विचार झाला होता, आणि वापराचे प्रमाण मुलांनी स्वतःच सांगितलेले होते. आपण पडद्यासमोर किती वेळ असतो याचा अंदाज मोठ्यांनाही नीट बांधता येत नाही.

‘दुप्पट धोका’ हेसुद्धा कार्यकारणाचे विधान नव्हे. खिन्न झालेले मूल अधिक वेळ मोबाइलवर घालवते, ही शक्यता त्यात तशीच शिल्लक राहते. ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधील माहितीवर केलेल्या अभ्यासात ही साखळी दोन्ही बाजूंनी दिसली : ज्या वर्षी समाजमाध्यमांचा वापर वाढला त्याच्या पुढच्या वर्षी जीवनाविषयीचे समाधान काहीसे घटले, आणि समाधान घटल्यावर पुढे वापर वाढला. मात्र हे सर्व वयांत सारखे नव्हते. मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४ ते १५ आणि दोघांमध्येही १९ च्या सुमारास हा संबंध ठळक होता. माझ्या मते तुमच्या टिपणासाठी तासांच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही वये अधिक उपयोगाची आहेत.

कार्यकारणाच्या जवळ नेणारा एक चांगला पुरावा मात्र उपलब्ध आहे. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाले आणि पुढे एकेक करून इतर महाविद्यालयांत पोहोचले. ते कुठे आधी पोहोचले आणि कुठे नंतर, याची विद्यार्थ्यांच्या आरोग्य-सर्वेक्षणांशी तुलना करून ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, जिथे फेसबुक आले तिथे विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य, विशेषतः नैराश्याच्या बाबतीत, खालावले. इतरांशी स्वतःची तुलना करणे हे त्यामागचे मुख्य कारण असावे, असे त्यांना आढळले. यातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ‘न्यूज फीड’ (ओळखीच्यांच्या नव्या नोंदी आपोआप एकत्र दाखवणारी सोय) सप्टेंबर २००६ मध्ये आले आणि ‘लाइक’चे बटण २००९ मध्ये. म्हणजे आपण आज ज्या सोयींना दोष देतो, त्यांतील बऱ्याचशा अस्तित्वात येण्यापूर्वीच केवळ दुसऱ्यांची सजवलेली आयुष्ये सतत समोर असणे पुरेसे ठरले होते.

वाटसरू

मला या चर्चांमधील घाईची थोडी धास्ती वाटते. प्रत्येक नव्या माध्यमाने तरुण पिढी बिघडवल्याचा आरोप यापूर्वीही झालेला आहे. चित्रपटांचा मुलांवर काय परिणाम होतो, हे शोधण्यासाठी अमेरिकेत १९२९ पासून पेन फंड या खासगी संस्थेच्या मदतीने मोठे संशोधन हाती घेण्यात आले. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञांनी चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असा दावा केला; त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्दम यांची मूळ कागदपत्रे खुली झाल्यावर कॅरोल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, त्यांनी मुलांच्या मुलाखती सोयीनुसार वाकवल्या होत्या. ज्या पुराव्यावर एक अख्खा उद्योग कोलमडला, तो पुरावाच कच्चा होता.

यावरून आजचे सगळे आक्षेप खोटे आहेत असे मी म्हणत नाही. परंतु परीक्षेचा ताण, घरातील वाद, वर्गातील छळ या गोष्टी मोबाइलपुढे चर्चेतून हद्दपार होतात. पारिजात यांनी उल्लेखलेल्या २०१९ च्या अभ्यासातच छळाचा मानसिक स्वास्थ्याशी असलेला संबंध डिजिटल साधनांच्या तुलनेत कित्येक पट तीव्र निघाला होता. बैठकीत त्यावर कोणी टिपण मागितल्याचे दिसत नाही.

निशिगंध

मी किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशनाचे काम करते. वाटसरू यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, पण एक भर घालते : वर्गातला छळ पूर्वी शाळेच्या फाटकापाशी थांबत असे, आता तो गटसंदेशांतून रात्री अंथरुणापर्यंत येतो. त्यामुळे छळ आणि मोबाइल हे दोन वेगळे विषय राहिलेले नाहीत. चित्रकथेशी तुलनाही इथेच अपुरी पडते. चित्रकथा वाचकाकडे पाहत नव्हती. आजचे माध्यम मात्र मूल कुठे रेंगाळले, काय पुन्हा पाहिले याची नोंद ठेवते आणि त्यानुसार पुढचे दृश्य निवडते. उपासमार करून वजन उतरवण्याविषयीची एखादी चित्रफीत कुतूहलाने पाहिलेल्या मुलीपुढे तशाच चित्रफितींची रांग लागते. वॉल स्ट्रीट जर्नलने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाटते असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच संशोधकांना सांगितले होते.

पालक माझ्याकडे येतात तेव्हा मी तासांविषयी क्वचितच विचारते. आधी झोपेविषयी विचारते. १३ ते १८ या वयात आठ ते दहा तास झोप आवश्यक मानली जाते, आणि माझ्यासमोर येणाऱ्या अनेक मुलांची झोप त्याच्या आसपासही नसते. पडद्याच्या निळ्या प्रकाशाची चर्चा बरीच होते, परंतु माझ्या अनुभवात त्याहून मोठी अडचण ही की मजकुराला शेवटच नसतो. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो. तळ नसलेल्या पानात थांबण्याची जागा रचनेतूनच काढून टाकलेली असते. तिथे ‘मनावर ताबा ठेव’ हा उपदेश चौदा वर्षांच्या मुलाला करणे मला अन्यायाचे वाटते. रात्री सर्वांचे फोन, पालकांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे हा एकमेव नियम मी ठामपणे सुचवते. पालकांच्या फोनचा मुद्दा आला की बैठकीत हमखास शांतता पसरते, त्याची तयारी ठेवावी.

आणखी एक गोष्ट टिपणात यावी. काही मुलांसाठी, विशेषतः जी आजूबाजूच्यांपेक्षा कोणत्याही कारणाने वेगळी आहेत त्यांच्यासाठी, समविचारी माणसे भेटण्याची जागा इंटरनेट हीच असते. फोन काढून घेण्याची शिक्षा अशा मुलाला एकटे पाडते. शिवाय ऑनलाइन काही भयंकर घडले तर ते घरी सांगण्याचा मार्गही त्या भीतीनेच बंद होतो.

पारिजात

सर्वांचे आभार. आकडा देण्याचा विचार मी सोडला आहे. झोप, वय आणि प्रत्यक्ष मजकूर यांवर टिपण बेतते. एक शंका उरते. काही पालक ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देऊन संपूर्ण बंदीचा आग्रह धरत आहेत, तर काही म्हणतात की कंपन्यांनीच १३ वर्षांची अट घातली आहे, तेव्हा तेराव्या वर्षी खाते उघडण्यास हरकत नसावी. यावर काय म्हणावे?

धूमकेतू

तेराचा आकडा बालमानसशास्त्रातून आलेला नाही. १९९८ च्या अमेरिकी कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास मनाई केली, आणि ती संमती मिळवण्याचा खटाटोप टाळण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी त्या वयाखालच्यांना प्रवेशच नाकारला. माहितीच्या संरक्षणासाठी आखलेली ती रेषा आहे; त्या वयात मूल या माध्यमांसाठी तयार होते, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. आधी सांगितलेल्या अभ्यासातील मुलींचा नाजूक काळ तर नेमका तेरापर्यंतचा आहे, हेही पालकांसमोर मांडावे.

ऑस्ट्रेलियाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याचा तपशील वाचल्यास तो सांगितला जातो त्याहून वेगळा आहे. १६ वर्षांखालील मुलांना ठरावीक समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये, यासाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी त्याने कंपन्यांवर टाकली आहे आणि त्यात कसूर केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे. मुलांना किंवा पालकांना त्यात कोणतीही शिक्षा नाही. त्यामुळे घरात फोन हिसकावून घेण्याच्या समर्थनार्थ त्या कायद्याचा दाखला देता येत नाही; तो कायदा घराशी बोलतच नाही. त्याने मुलांचे स्वास्थ्य सुधारले का, हे कळण्यासाठी काही वर्षांची माहिती लागेल, म्हणून टिपणात त्याचा उल्लेख ‘सुरू असलेला प्रयोग’ एवढाच करावा, असे सुचवतो.